मोरीतून येणारं पाणी

नदीकाठी उंच भिंत बांधायला आलेल्या साहेबांनी वस्तीत विचारलं, "पुराचं पाणी घरात कुठून शिरतं?" सगळ्यांनी नदीकडे बोट केलं. आमच्याकडे ते आधी मोरीतून वर येतं, पण एवढ्या माणसांत माझं तोंड उघडलं नाही.

भिंत झाली. यंदा खडकवासल्यातून पाणी सोडलं, तेव्हा शेजारीण हसली. "सामान कशाला बांधताय? भिंत काय शोभेला बांधलीय?"

मी मोरीवर पाटा ठेवून बसले. आत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. पाट्याच्या कडेने बुडबुडे आले. मी दारातून ओरडले, "अहो, या कुणीतरी!"

सासूबाईंना खाटेसकट उचललं, तोवर पाणी घोट्याला लागलं होतं.

साहेब पुन्हा आले तर काय सांगायचं, ते मी रोज घोकते.