शुक्रवारच्या वर्गातला उंट

आधीच सांगून ठेवतो, माझी स्मरणशक्ती आता साक्षीला उभी करण्याच्या लायकीची राहिलेली नाही. जेद्दातल्या आमच्या शुक्रवारच्या वर्गाचे किस्से मी इतक्या वेळा सांगितलेत, की कोणतं वाक्य कोणी बोललं आणि कोणतं मी मागाहून चिकटवलं, याची मलाच शंका येते. किस्से जुन्या किल्ल्यांसारखे साठत जातात. कुलपं कधीच हरवलेली असतात, पण किल्ल्या टाकवत नाहीत. त्यातली एक गोष्ट मात्र मी पुढे काही वर्षांनी स्वतः तपासून घेतली. ती शेवटी सांगेन.

*

मी संख्याशास्त्राचा प्राध्यापक. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं मुलाकडे जेद्दाला राहायला गेलो. तिथे महिन्याभरातच नलिनीने, म्हणजे माझ्या बायकोने, हात टेकले.

“अहो, काल तुम्ही मला सरासरी आणि मध्यक यांतला फरक समजावून सांगितलात. मी भेंडी चिरत होते! दुसरे विद्यार्थी शोधा.”

मुलाने ओळखीपाळखीत सांगून टाकलं: ज्याला जे शिकायचंय त्याने शुक्रवारी, नमाज आणि जेवण आटोपलं की यावं. वयाची अट नाही.

माझी रात्रीची झोप उडाली. चाळीस वर्षं विशीतल्या मुलांना शिकवलं, ती मुळात झोपाळू. जागी राहणारी मोठी माणसं मला झेपतील का?

*

पहिले आले हसनभाई. मूळचे दापोलीकडचे, इथे एका कंपनीच्या मेसमध्ये आचारी. वय छप्पन्न-सत्तावन्न. हातात भलामोठा डबा.

“हे काय?” मी विचारलं.

“घावणे आणि नारळाचा रस. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने कसं यायचं, सर?”

“अहो, हा वर्ग आहे.”

“पण घरात आहे ना?”

मी डबा नलिनीच्या हाती दिला. पुढच्या शुक्रवारपासून सगळेच डबे आणू लागले. वर्ग किती रंगला हे नलिनी माझ्या शिकवण्यावरून नाही, उरलेल्या डब्यांवरून ठरवायची. “आज काहीच उरलं नाही. आज तुम्ही फारच कंटाळवाणं शिकवलंत वाटतं!”

*

हसनभाईंना इंग्रजी हवं होतं ते नातवासाठी. लेकीचा मुलगा रत्नागिरीत इंग्रजी शाळेत जायचा आणि फोनवर मराठीत बोलायला लाजायचा.

दोन-तीन महिन्यांनी हसनभाईंनी वर्गात सगळ्यांसमोर व्हिडिओ कॉल लावला. घसा खाकरला. “व्हॉट इज युअर गुड नेम?”

नातू चक्रावला. “नाना, यू नो माय नेम!”

हसनभाईंनी विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं. “बघा! पहिल्याच प्रश्नाला उत्तर दिलं!”

*

एकदा मी परीक्षा घेतली. पाठमोरा होऊन चहा ओतत होतो. वळून पाहतो तो हसनभाईंची उत्तरपत्रिका सगळ्यांच्या मधोमध सतरंजीवर पसरलेली आणि चौघं त्यावर वाकलेले. कुणी लपवायचीही तसदी घेतली नव्हती.

“हसनभाई, याला कॉपी म्हणतात.”

“सर, आमच्या मेसमध्ये कुणी आपल्यापुरतंच वाढून घेतलं, तर त्याला काय म्हणतात ते सांगू का?”

त्या दिवशी सगळ्यांना सारखेच गुण पडले. प्रमाण विचलन शून्य! उभ्या कारकिर्दीत मी असा वर्ग पाहिला नव्हता.

*

आता रुकय्याभाभी. यांच्यासाठीच मी हे सगळं सांगायला बसलो आहे.

नवरा यूसुफभाई, श्रीवर्धनकडचे, बंदराजवळच्या एका गोदामात सुपरवायझर. घर शहराच्या पार टोकाला. यूसुफभाईंना कामावर न्यायला कंपनीची बस यायची. बाकी बाजार, दवाखाना, मुलीची शाळा, सगळं त्यांच्याच गाडीवर. बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली, तेव्हा यूसुफभाईंनी हौसेने विषय काढला होता. भाभींनी तो एका वाक्यात मिटवला. “तुम्ही असताना मला काय गरज?” त्यानंतर दर वर्षी ते विचारायचे आणि दर वर्षी तेच उत्तर मिळायचं.

मग एका शुक्रवारी दोघं आमच्याकडे आले, टॅक्सीने. यूसुफभाई सोफ्यावर बसले आणि शांतपणे म्हणाले, “मोतीबिंदू आहे, सर. जवळचं दिसतं, लांबचं सगळं धुकट. डॉक्टर म्हणतात, पिकू दे. तोवर गाडी बंद.”

भाभींचा चेहरा उतरला होता. मुलगी सना नववीत. शाळेची बस त्यांच्या भागात येत नव्हती आणि रोजची टॅक्सी परवडण्यासारखी नव्हती. शेजारी सनाला शाळेत सोडायला तयार होते, पण फक्त वर्ष संपेपर्यंत. पुढे गाडी चालवणारं कुणी नसेल, तर माय-लेकींनी गावाला परतायचं, सनाची दहावी तिकडे, असं घरात ठरत आलं होतं.

“मला शिकवाल, सर?” भाभी म्हणाल्या. “नियमांची परीक्षा असते म्हणे. शाळा सोडून मला जमाना झाला.”

मला स्वतःला गाडी येत नाही, हे मी त्यांना सांगितलं.

“पण परीक्षा येते ना?” यूसुफभाई म्हणाले.

हल्ली मोतीबिंदू पिकायची कुणी वाट बघत नाही, असं मी कुठेतरी वाचलं होतं. पण तो माझा विषय नव्हे.

*

सतरंजीवर परात उपडी ठेवून आम्ही चौकातला गोल केला. इथे त्याला दव्वार म्हणतात. भाभी चहाची ट्रॉली ढकलत यायच्या, समोरून मी यायचो. गोलात आधीपासून आहे त्याने जायचं, बाहेरच्याने थांबायचं, हा नियम.

भाभी गोलात असूनही थांबल्या.

“भाभी, तुम्ही जा. हक्क तुमचा आहे.”

“तुम्ही मोठे, सर. तुमच्या आधी कशी जाऊ?”

“रस्त्यावर वय नसतं!”

“नवराही नसतो,” सोफ्यावरून यूसुफभाई म्हणाले. “माझ्याकडे बघू नको, आरशात बघ!”

संगणकावरची परीक्षा भाभी पहिल्या फटक्यात पास झाल्या. चालवण्याच्या परीक्षेत मात्र दव्वारमध्येच गाडी उभी केली आणि वाट बघणाऱ्या दुसऱ्या गाडीतल्या वयस्कर बाईंना हाताने खुणावलं, आधी तुम्ही! परीक्षक बाई “यल्ला, मदाम, यल्ला!” चला, चला म्हणून ओरडत होत्या. भाभी नापास.

“मम्मी, तुझ्याने नाही होणार,” सना म्हणाली. “इट्स ओके. मी गावाला जाईन.”

त्या ‘इट्स ओके’ने भाभी पहिल्यांदा रडल्या.

*

दोष माझ्या शिकवण्यात असणार, असं मी धरून चाललो. वर्गाला म्हणालो, “मी बाहेर जातो. माझं काय चुकतं यावर मोकळेपणी चर्चा करा.” बाहेर गेलो आणि दाराला कान लावला.

हसनभाईंचा आवाज आला. “सर चांगले आहेत. पण आपल्यापेक्षा तेच जास्त घाबरतात. आपण जरा लवकर समजल्यासारखं करूया.”

त्या दिवसापासून वर्ग झपाट्याने प्रगती करू लागला. खरी किती आणि माझ्या समाधानासाठी किती, ते आजही माहीत नाही.

*

याच सुमाराची ही गोष्ट, आणि इथेच माझ्या आठवणीवर माझा विश्वास नाही. भाभींची उजळणी चालली होती. मी भिंतीशी उभा राहून रस्त्यावरच्या पाट्यांची चित्रं दाखवत होतो. मुलाने ती छापून दिली होती, पत्त्याएवढी बारीक, आणि एका चित्रात जनावराची पाठ वरून कापली गेली होती.

“गाय,” भाभी म्हणाल्या.

“अगं, गाय कसली! मान बघ की तिची! उंट आहे तो!” खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून यूसुफभाई.

माझी नजर चित्रावरून त्यांच्याकडे गेली.

“अंदाज,” यूसुफभाई सावकाश म्हणाले. “इथे हायवेवर गाय कुठून येणार?”

भाभी उंट पाठ करण्यात गुंतल्या होत्या. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, हे मी जन्मभर शिकवलं. म्हणून काढला नाही. आणि ते चित्र तेव्हा माझ्या हातात होतं की त्यांच्या शेजारी पडलेलं होतं, हेही आता शपथेवर सांगता येणार नाही.

*

दुसऱ्या खेपेला भाभी पास झाल्या. पहिली फेरी समुद्रकाठी, कॉर्निशवर. पुढे यूसुफभाई, मागे आम्ही दोघं आणि सना. मी सीट घट्ट धरून बसलो होतो.

दव्वार आला. बाहेर पिकअपमध्ये पांढऱ्या दाढीचे एक म्हातारबाबा थांबले होते. गाडी किंचित मंदावली. सनाने श्वास रोखला. भाभी पुटपुटल्या, “माफ करा, चाचा,” आणि थेट निघाल्या!

“शाब्बास!” यूसुफभाई ओरडले.

“तुम्हाला काय दिसलं?” भाभी म्हणाल्या.

“मला काय दिसणार! गाडी थांबली नाही, तेवढं कळलं.”

सनाची दहावी जेद्दातच झाली.

*

पुढे आम्ही पुण्याला परतलो, तेही गावी परतले. काही वर्षांनी त्यांनी आग्रहाने बोलावलं. एस.टी. स्टँडवर घ्यायला भाभी आल्या होत्या, स्वतः गाडी घेऊन. खाडीकाठच्या त्यांच्या अंगणात यूसुफभाई भेटले. डोळ्यांना चष्मा नाही. भाभी आणि नलिनी आत गेल्यावर मी विचारलं, “मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठे केलंत?”

“ऑपरेशन? आमच्या घरात अजून कुणाच्या डोळ्याला डॉक्टरचा हात लागला नाही, सर.” त्यांनी खाडीकडे बोट केलं. “ती होडी बघा. ‘दर्याराणी’. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, ‘आईची कृपा’.”

मला चष्म्यातूनही नुसता ठिपका दिसत होता. आतून चहाची हाक आली, यूसुफभाई उठून गेले. मी तिथेच बसून राहिलो. बऱ्याच वेळाने होडी काठाला लागली, तेव्हा उतरून जवळ गेलो आणि वाचलं.

‘दर्याराणी’. खाली बारीक अक्षरांत, ‘आईची कृपा’.