पाद्रीबुवांच्या बायकोचं पत्र

ओल्या लोकरीचा वास आला की मला आमचं इंग्लंडमधल्या लीड्सचं भाड्याचं घर आठवतं. लेक तीन महिन्यांची होती, नवरा दिवसभर ऑफिसात, आणि मी तिला घेऊन कायमचं पुण्याला परतायचं ठरवलं होतं. एका दुपारी बेल वाजली. दारात भिजलेल्या लोकरी कोटातली एक अमेरिकन आजी उभी होती. "माझे पणजोबा मेथडिस्ट पाद्री होते," ती संकोचून म्हणाली, "ते आणि पणजी याच घरातून अमेरिकेला गेले. जरा आत येऊन पाहू का?" मी तिला बसवलं, चहा दिला. मग तिने पणजीने माहेरी धाडलेलं पत्र वाचून दाखवलं. पाद्रीबुवा प्रवचनांसाठी गावोगाव हिंडायचे आणि ती तान्ह्या बाळाला घेऊन परक्या मुलखात रोज रडायची, शेवटी एक शेजारीण आली नि म्हणाली, "बाळ माझ्याकडे दे, तू झोप." ऐकता ऐकता मलाच रडू फुटलं. आजीने पत्राची घडी घातली आणि हात पुढे केले. मी तिथेच सोफ्यावर लवंडले आणि कितीतरी आठवड्यांनी गाढ झोपले. जागी झाले तेव्हा लेक तिच्या खांद्यावर शांत होती. परतीचं तिकीट मी काढलं नाही. लेक आता विशीत आहे. आजीचं नाव विचारायचं राहून गेलं, पण त्या तासाभराच्या झोपेसाठी मी अजून तिचे आभार मानते.