अर्धी बादली खारं पाणी

नवा मासा कितीही देखणा असो, मामांच्या तोंडून त्याचं कौतुक म्हणून कधी निघालं नाही. निळंशार अंग, पिवळीधमक शेपटी, बघणारा हरखून जायचा. आणि मामा आपले भिंग डोळ्याला लावून त्याच्या कल्ल्यांपाशी काहीतरी शोधत बसलेले. "समुद्रातून एकटं कोणी येत नाई," ते म्हणायचे. "आंगावर बिऱ्हाड घेऊनच येते."

मामा म्हणजे यवतमाळच्या आमच्या कॉलेजातले, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले शिपाई. निवृत्त झाले आणि लोहाऱ्याकडच्या आपल्या घरात, पुढच्या खोलीत, खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी मांडून बसले. समुद्र कुठे, यवतमाळ कुठे! मासे समुद्रात जाळ्यानं धरलेले, हवा भरलेल्या पिशवीतून मुंबईहून ट्रॅव्हल्सनं यायचे. मीठसुद्धा खास पाकिटातलं, नागपूरहून आणलेलं. लोक हसायचे. मी त्यांच्या प्रयोगशाळेत शिकलेली, आता कळंबच्या तहसील कचेरीत कारकून. घरी परतताना रोज त्यांच्याकडे टेकायची. हसू मलाही यायचं, पण त्यांच्यासमोर नाही.

नव्या माशाला टाकीत थेट प्रवेश नव्हता. आधी पाच मिनिटं गोड्या पाण्यात आंघोळ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मासा मला अगदी स्वच्छ वाटला होता. तिसऱ्या मिनिटाला त्याच्या अंगावरून तिळाएवढ्या पांढऱ्या चकत्या सुटून तळाशी पडायला लागल्या. ते जंत. खाऱ्या पाण्यात ते आरपार दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. गोडं पाणी लागलं की पांढरे पडतात आणि सुटतात. मी दोन पावलं मागे सरले. मामा म्हणाले, "हे दिसले म्हणून भेली तू? जे दिसत नाई त्यायचं भेव ठेव."

आंघोळीनंतर मासा दीड महिना बाजूच्या टबात एकटा राहायचा. टबाची जाळी वेगळी, पाणी काढायचा मग वेगळा. टबात घातलेला हात साबणानं धुऊन, खडखडीत कोरडा करूनच टाकीकडे न्यायचा. आणि टबातलं पाणी बदललं की जुनं मोरीत.

हे शेवटचं मला बघवायचं नाही. आमचं गाव नळाला आठ-आठ दिवस पाणी न येणारं. इथे तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला जातं, कपड्यांचं संडासात. पाणी फेकायला हातच धजत नाही. मामांचाही धजायचा नाही. तोंड दुसरीकडे करून ओतायचे बिचारे.

टाकीत पाच मासे होते, पण मामांचा जीव एकीत. केशरी रंग, तीन पांढरे पट्टे, अकरा वर्षांची. तिचं नाव बुढी. मामींच्या माघारी घरात बोलायला तीच होती. काय भाजी केली, कोण येऊन गेलं, सगळं तिला सांगायचे. ती त्यांच्या बोटाला चावायची आणि मामा खूश व्हायचे.

गेल्या उन्हाळ्यात मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. पंधरा दिवस नागपूरला मुलीकडे राहायचं होतं. टाकी माझ्याकडे सोपवली. टबात तेव्हा नुकताच आलेला एक पिवळा मासा होता. सगळं दहादा सांगून झालं, तरी फाटकातून परत आले. "टबातलं पाणी मोरीतच फेकजो वं. बाकी काही चुकलं तं चालते."

चौथ्या दिवशी मी टाकीचा तळ साफ केला. घाण पाण्याबरोबर चांगलं पाणीही निघालं, टाकी उणी झाली. नळाचा पत्ता नव्हता, नवं खारं पाणी करायला घरात गोडं पाणी नव्हतं. आणि समोर टबातून काढलेली अर्धी बादली, आरशासारखी. पिवळा मासा तर धडधाकट होता. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय? ओतली.

बाराव्या दिवशी बुढीच्या परांवर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. कचेरीत सातबाऱ्याच्या कागदावरही मला ठिपकेच दिसायचे. मामांचा रोज फोन यायचा, बुढी जेवली काय म्हणून. जेवली, म्हणायची मी. खोटं नव्हतं ते. पण खरं तरी कुठे होतं? परत आल्यावर सांगू, असं म्हणत मी तीन दिवस ढकलले. त्यात निळा मासा गेला.

मामा आले ते एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं अंधुक. निळा मेला एवढं मी सांगितलं. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर काचेवर घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शक लावला आणि मला बसवलं. "पाह्य. काय दिसून राह्यलं?"

काहीच नाही, असं म्हणता आलं असतं. त्यांना कळलं नसतं. पण ते कान देऊन बसले होते. मी सांगितलं, गोल आहे, काळपट, कडेनं केस, जागच्या जागी सावकाश फिरतंय. आणि एका दमात तेही सांगितलं, की टबातलं पाणी मीच टाकीत ओतलं.

त्यांनी चाचपडत सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. मग म्हणाले, "मले विचारलं असतं तं मी नाई म्हटलं असतं. म्हणूनच नाई विचारलं तू." मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं आणि मग तांब्याच्या औषधाची बाटली काढायला सांगितली.

उरलेले मासे टबात हलवले. औषध कमी पडलं तर कीड मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो. मामांना ड्रॉपरवरच्या खुणा दिसत नव्हत्या, म्हणून थेंब मी मोजायची, ते शेजारी बसून पुन्हा मोजायला लावायचे. महिनाभर तसं चाललं. बाकी सगळे गेले. बुढी वाचली.

डोळा काही सुधारला नाही. दिवाळीनंतर मुलगी त्यांना कायमचं नागपूरला न्यायला आली. मामा म्हणाले, बुढीला तू घेऊन जा. मी नको म्हटलं. मीच तिला मारायला निघाले होते, मला कसली देता?

"तू माह्यापेक्षा जास्त भेतं आता," ते म्हणाले. "तिले असंच माणूस पाह्यजे."

ते निघाले त्या सकाळी बुढी माझ्या घरी नुकतीच आली होती. पिशवीतल्या प्रवासानं दमून नव्या टबाच्या तळाशी आडवी पडून धापा टाकत होती. दाराशी गाडी थांबली, हॉर्न वाजला, मामा खिडकीतून हाक मारत होते. तिच्यावरची नजर काढायची भीती वाटली, म्हणून मी बसल्या जागेवरून ओ दिली. बुढी पुन्हा सरळ पोहायला लागली तेव्हा मी धावत रस्त्यावर आले, पण गाडी निघून गेली होती. म्हटलं, संक्रांतीला जाऊन येऊ. त्याआधीच मामा वारल्याचा फोन आला.