काकांचा दावा आणि कंपनीचं मशीन

देवळीजवळच्या आमच्या गावात शेतकऱ्यांची कंपनी निघाली, तेव्हा माझ्या चुलतकाकांनी शेअरचा कागद फ्रेम करून देवघराशेजारी लावला. वर्ध्याला वकिली करणारा मी त्यावर पोटभर हसलो. पुढे कंपनीचं सोयाबीन चाळायचं मशीन अध्यक्षांनी आपल्या साळ्याच्या गोदामात नेऊन ठेवलं. काकांनी जाब विचारला, तर पुढच्या सभेच्या दारातूनच त्यांना परत पाठवलं. ते तडक माझ्याकडे आले.

"दावा ठोक. मी अंगणात ओटा बांधून ठेवला हाय."

"ओटा कशाला?"

"अबे, केस जिंकल्यावर मशीन कुठं ठेवू मंग?"

मला हसू आवरेना. भावकीत वाटणीचे दावे चालतात, तसंच हेही त्यांना वाटलं होतं: जो भांडेल त्याच्या पदरात पडेल. मी समजावलं, "काका, मशीन गेलं ते कंपनीचं. तुम्ही भांडाल ते कंपनीच्या वतीनं. जिंकलात तर ते कंपनीच्या शेडमध्ये येईल आणि तुम्ही चारचौघांसारखे रांगेत उभे राहाल. सभेतून हाकललं, तो मात्र तुमचा स्वतःचा हक्क. तो दावा तुमचा, निकालही तुमचाच."

"म्हंजे वकिलाच्या चकरा मी मारू, अन् मशीन साऱ्याइचं?"

"हो."

काका फणकाऱ्यानं निघून गेले. त्या ओट्यावर काकूंनी दुसऱ्याच दिवशी पापड वाळत घातले. आता काका नाद सोडतील, असं मी धरून चाललो होतो. पण आठवड्यानं ते आले आणि दोन्ही दाव्यांच्या कागदांवर सह्या करून गेले.

नोटिसा पोचल्या तसे अध्यक्ष काकांच्या घरी हजर. मीही तिथंच होतो. म्हणाले, भर सभेत माफी मागतो, तुम्हाले संचालक करतो, फक्त दोन्ही दावे मागं घ्या. सोयाबीन काढणीला आलं होतं, मशीन साऱ्या गावाला हवं होतं. सभेतला अपमान काकांना किती लागला होता, ते मला ठाऊक होतं. ते हो म्हणतील, अशी मला भीती वाटली.

काका मोकळं हसले. "सभेतून हाकललं, ते माहं होतं. तुम्ही माफी मांगून राह्यले, मी सोडलं. चहा घ्या. पण मशीनचं कसं सोडू मी? ते का माह्या एकट्याचं हाय?"

इतक्या वर्षांच्या वकिलीत मला हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नव्हतं. काकांचा भलताच अभिमान वाटला.

अध्यक्षांनी अर्धा कप खाली ठेवला आणि तिथूनच साळ्याला फोन लावला, "गोदामाची किल्ली काढून ठेवजो. लोकं मशीन न्याले येऊन राह्यले."