याकोब मास्तरांची जॉर्डन
याकोब मास्तर वर्तमानपत्र उभ्याने आणि मोठ्याने वाचत, तेही थेट तळाच्या मुद्रक-प्रकाशकाच्या नावापर्यंत. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरच्या टपरीवर चहा पिणारे पार कावून जात. मास्तर म्हणत, "लिहिनाऱ्यानं शेवटपातुर लिव्हलंय ना? मग आपुन मधीच का सोडायचं?"

हे वाचन ऐकूनच गावातल्या एका हौशी दिग्दर्शकाने या निवृत्त मास्तरांना आपल्या सिनेमाचा नायक केलं. सिनेमा तऱ्हेवाईक होता. तान्हेपणी आपल्याला न विचारताच बाप्तिस्मा दिला, अशी तक्रार असलेला एक म्हातारा पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला जॉर्डन नदीवर निघतो. परदेशात तो सगळ्यांशी मराठीतच बोलतो आणि त्यांना ते कळतं. एक उंट तर त्याला अस्सल नगरी बोलीत रस्ता सांगतो.

मी तेव्हा नगरच्या एका दैनिकात परीक्षणं लिहायचो आणि स्वतःला मोठा जाणकार समजायचो. त्या दिवशी थिएटरातला कूलर बंद होता आणि मिरजगावला साडूकडे मटणाचं जेवण होतं. उंट बोलला, मध्यंतर झालं आणि मी उठलो. केडगावला घरी येऊन बायकोला घेतलं, मिरजगाव गाठलं आणि रश्श्यावर ताव मारला. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'हा सिनेमा प्रेक्षकाला मनापासून देवाचा धावा करायला लावतो.' वाक्य मोबाईलवरून सगळीकडे फिरलं. तिसऱ्या दिवशी सिनेमा उतरला. लाज वाटायची सोडून मी मित्रांकडून शाबासकी घेत होतो.

आठवड्याने मास्तरांचा फोन आला. आता शिव्या बसणार, या तयारीनेच उचलला.

"सलाम, सायेब. तुमचं वाक्य मी चर्चमदी वाचून दाखवलं. लोकान्ला देव आठवला म्हनं, आनखी काय पायजे? येकदा चहाला या."

हा टोमणा की भोळेपणा, मला कळेना. पण गेलो. मास्तरांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली, बायकोला, मार्थाबाईंना, हाक मारली आणि समोर बसून जरा अवघडूनच म्हणाले, "येक इचारू का? समदे उंटाचंच बोलत्यात. शेवट कसा वाटला तुमाला? लई जीव वतला हुता मी त्यात."

खरं सांगून माफी मागायची हीच वेळ होती. पण माझी जीभ कुठली वळायला! मी म्हणालो, "शेवट? अप्रतिम! तुम्ही नदीत उतरता ना मास्तर, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

मार्थाबाईंनी चमकून वर पाहिलं. "आवं, पन..."

"आगं, चहात आलं घाल," मास्तर मध्येच बोलले. मग माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "बरं वाटलं बगा." मी खूश होऊन परतलो. दोन गोड शब्दांत पाप फिटलं, असा माझा हिशेब.

मास्तर गेल्या वर्षी वारले. त्यांच्या स्मरणार्थ चर्चच्या हॉलमध्ये, खिडक्यांना चादरी लावून, भर दुपारी तो सिनेमा दाखवला. मी मार्थाबाईंच्या शेजारी बसलो. मध्यंतरानंतरचं सगळं मला नवं होतं, आणि ते चांगलं होतं. पडद्यावरचा म्हातारा अखेर नदीकाठी पोचला. चपला काढून त्याने नीट शेजारीशेजारी ठेवल्या. बराच वेळ पाण्याकडे पाहिलं. मग एकदम हसला. "आरं, पयलाच बाप्तिस्मा चालू हाय की अजून!" असं म्हणून त्याने चपला पुन्हा पायांत घातल्या आणि तो माघारी वळला. सिनेमा संपला. तो पाण्यात उतरलाच नव्हता.

माझे कान तापले. त्या दिवशी चहाच्या कपासमोर मी मास्तरांना काय ऐकवलं होतं, हे मला आत्ता कळत होतं. मान वर न करता मी पुटपुटलो, "बाई, मी हा सिनेमा आज पहिल्यांदाच पुरा पाहिला."

"ठाव हाय," मार्थाबाई हळूच म्हणाल्या. "तुमी गेल्यावर मास्तर म्हनले, आपल्या घरी आलेल्या मानसाला लाजवायचं न्हाई. कुनापाशी बोलू नगंस."