बुधवारची राजधानी

आमच्या जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत मिळून रेल्वेचा हातभर रूळ नाही. गाडीची शिटी ऐकायची तर पुण्याला नाहीतर कल्याणला जायला हवं. तरीही नव्वदच्या दशकात आळेफाट्याजवळच्या आमच्या गावात मी रेल्वेचा जाणकार म्हणून मिरवत होतो. शाळेत मास्तर होतो आणि दरवर्षी पुण्याहून नवं टाइमटेबल विकत आणायचो. कुणाला काशीला जायचं असो की तिरुपतीला, माणसं माझ्याकडे यायची. गाडी कुठली धरायची, कुठे बदलायची, रिझर्वेशन किती दिवस आधी करायचं, सगळं मी कागदावर लिहून द्यायचो. रिझर्वेशनशिवाय लांबच्या प्रवासाला निघणारा माणूस अडाणी, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी चारचौघांत ऐकवायचोही. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय.

माझा धाकटा भाऊ फौजेत होता. एका सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास शाळेत फोन आला. त्याच्या युनिटमधला एक जवान बोलत होता. भावाला मेंदूज्वर झालाय, दिल्लीच्या मिलिटरी हॉस्पिटलात ठेवलंय, मधूनच शुद्धीवर येतो आणि आईला बोलवा म्हणतो. "मास्तर, उशीर करू नका," असं तो दोनदा म्हणाला.

मी सायकल हाणत घरी गेलो. वडील जाऊन तोवर दहा वर्षं झाली होती, घरात आई आणि मी दोघंच. आईनं सगळं ऐकून घेतलं, रडली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट करून म्हणाली, "आवस कधी लागती बघ."

अमावास्या दुपारी बारानंतर लागत होती, ती मंगळवारी दुपारपर्यंत होती. अमावास्येला आमच्याकडे कुणी गावाला निघत नाही. पण निघावंच लागलं तर त्यावर तोड आहे. वाईट वेळ लागायच्या आधी आपलं गाठोडं घराबाहेर नेऊन शेजाऱ्याकडे ठेवायचं. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. गाठोडं बाहेर पडलं म्हणजे माणूस निघाला, मग प्रत्यक्ष पाऊल कधीही उचला. आईनं दोन लुगडी, मूठभर तांदूळ आणि सुपारी फडक्यात बांधली आणि अकराच्या आत ती गाठ शेजारच्या काकूंच्या ओट्यावर ठेवून आली.

"चल. मी निघाली," ती म्हणाली.

मी म्हणालो, "अगं, निघाली काय? तिकीट कुठंय? आधी पुण्याला जाऊन रिझर्वेशन करतो, मग जाऊ."

"मला संगंच ने की. मिळंल त्या गाडीनं जाऊ. मी खाली बसन."

"अठ्ठावीस तास खाली बसशील? तिथवर पोचेपर्यंत तूच आजारी पडशील."

ती काकूंच्या ओट्यावर गाठोड्याशेजारी बसून राहिली आणि मी एकटा एसटीनं पुण्याला गेलो.

स्टेशनवर पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. रिझर्वेशनच्या रांगेत तासभर गेला. उत्तरेकडे जाणारी गाडी त्याच संध्याकाळी पाचनंतर सुटणार होती, मंगळवारी रात्री दिल्लीला. पण वेटिंग शंभरावर गेलेलं. खिडकीतल्या बाबूला मी सगळं सांगितलं. भला माणूस होता. म्हणाला, "मास्तर, साधं तिकीट काढा आणि चढा. ही गाडी जवानांनी भरलेली असते. फौजीची आई आहे म्हटल्यावर कुणीही उठून जागा देईल."

मी विचारलं, "मुंबईहून राजधानी एक्स्प्रेसला काय आहे?"

मंगळवारी काहीच नव्हतं. बुधवारी दोन जागा होत्या, पक्क्या. बुधवारी संध्याकाळी मुंबई सोडायची की गुरुवारी सकाळी दहाला दिल्ली. सतरा तास! मी मनातल्या मनात अठ्ठावीसातून सतरा वजा केले आणि अकरा तास वाचले म्हणून खूश झालो. मुलांना वेळ, काम, वेगाची गणितं शिकवणारा मी. मधले दोन दिवस मी हिशेबातच धरले नाहीत. आईला घेऊन आलो असतो तर पाचच्या गाडीत बसलो असतो, हेही मला त्या घटकेला सुचलं नाही. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. राजधानीत मी कधी बसलो नव्हतो. भाऊ तिकडे तडफडत होता आणि माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात त्या गाडीची हौस होती. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

तिकीट दाखवल्यावर आई एवढंच म्हणाली, "बुधवार लई लांब हाय रं." दोन्ही रात्री ती काकूंच्या ओट्यावरच निजली. एकदा निघालेलं माणूस उंबरा ओलांडून परत आत येत नाही, म्हणाली.

बुधवारी आळेफाट्याहून माळशेज घाटानं कल्याण, तिथून मुंबई. गाडी मिनिटाचाही उशीर न करता सुटली. थंडगार डबा, पांढऱ्या चादरी, कागदी पेल्यातून सूप. आईनं सूपाला तोंड लावलं नाही. काचेतून मागे पळणाऱ्या खांबांकडे बघत ती म्हणाली, "पळती मातर जोरात." तेवढ्यानं मला बरं वाटलं. बघ, मी म्हणत होतो ना, अशा अर्थाचं काहीतरी मी तिला बोललोसुद्धा.

आमची गाडी मी युनिटला तारेनं कळवली होती, त्यामुळे दिल्लीला फोनवाला जवान प्लॅटफॉर्मवर उभा होता. साताऱ्याकडचा होता. त्यानं वाकून आईच्या पायांना हात लावला आणि उठायला इतका वेळ घेतला की मला कळलं. भाऊ बुधवारी पहाटेच गेला होता. तार आमच्या गावात पोचली तेव्हा आम्ही घाटात होतो.

"मंगळवारी सांजच्याला चांगला शुद्धीत व्हता," जवान म्हणाला. "मला इचारलं, आई निगाली का? मी म्हनलं, निगाली."

खरंच होतं ते. ती निघालीच होती.

क्रियाकर्म तिथेच उरकलं. अस्थी घेऊन परतताना मी साधी तिकिटं काढली आणि तीच अठ्ठावीस तासांची गाडी धरली. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. दारातल्या एका शीख जवानानं आईच्या हातातला लाल कापड बांधलेला अस्थींचा तांब्या पाहिला. खालचा आख्खा बाक तिच्यासाठी रिकामा झाला. पुण्यापर्यंत ती आडवी होऊन आली आणि मी तिच्या पायाशी बसून होतो. बाबू खोटं बोलला नव्हता.

घरी माणसं भेटायला येऊ लागली. घोडेगावहून मामा आला, आईचा धाकटा भाऊ. भाच्यावर त्याचा फार जीव. ओसरीवर भरल्या माणसांत त्यानं मला विचारलं, "सोमवारी सकाळी फोन आला ना? मग त्याच दिशी का न्हाई निगाला तुमी? मंगळवारी पोचला असता की राव!"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "सोमवारी दुपारपासून अमावास्या लागत होती..." आणि वाक्य तिथंच सोडलं. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

मामा आईकडे वळला. "आक्का, तू आवस बघत बसलीस व्हय?"

आईनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "व्हय," ती म्हणाली. "माझीच मती फिरली."

मग गावात तेच झालं. पोरगं मरणाच्या दारात असताना म्हातारी तिथी बघत बसली, असं बाया पाणवठ्यावर बोलायच्या. शेजारच्या काकूंना खरं माहीत होतं, पण आईनं त्यांनाही गप्प केलं. तेरा वर्षं तिनं ते ऐकलं. मी टाइमटेबल आणणं बंद केलं, तेवढंच माझं प्रायश्चित्त.

दोन हजार दहाच्या अलीकडे ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी तिच्याजवळ बसून विषय काढला. "आई, मामाला खरं सांगून टाकतो."

"काय नको," ती म्हणाली. "तुला लोकांत ऱ्हायचंय. मी आता चालली."

ती गेली. दहाव्याला नदीवर सगळे जमलो होतो. मामा डोळे पुसत भावकीला सांगत होता, "आक्कानं लई सोसलं. पर त्या आवसंपायी जित्या पोराचं त्वांड न्हाई बघितलं तिनं, ते तिचं तिलाच खात व्हतं." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काय मास्तर, खरं ना?"

मी मान हलवली.