दुकान वाढवायचंय

कामशेतच्या बाजारात गफूरचाचांच्या बांगड्यांच्या दुकानात कामाला लागली, त्याच दिवशी तेजलनं मनाशी ठरवलं होतं, एक दिवस हे दुकान आपण चालवायचं. बोलली मात्र कुणाजवळच नाही. वडिवळ्याहून जीपनं यायची. वडील, प्रदीप, म्हणायचे, "कंपनीत चिकट. काचंचा काय भरवसा?" बायका पोरीच्या हाती मनगट द्यायला कचरत. तेव्हा तिनं स्वतःच्या डाव्या हातावर सराव करून तो सोलवटून घेतला. समोरच्या बाईला बोलतं ठेवलं की हात सैल पडतो, हेही तिला उमगलं. हळूहळू बायका तिचं नाव विचारत येऊ लागल्या. चाचा एकदा म्हणाले, "माज्यामागं तूच बघ हे."

म्हणून तर त्या दुपारी पडद्याआडून ऐकलेलं तिला झोंबलं. चाचा जावयाशी, जुनेदशी, फोनवर दबक्या आवाजात बोलत होते.

"दुकान वाढवायचंय. पोरीला अजून सांगितलं न्हाई."

वाढवायचंय, आणि तेही आपल्यापासून लपवून!

मग तिला सगळ्यातच काळंबेरं दिसू लागलं. जुनेद टेप घेऊन भिंत मोजत होता. ती आत येताच त्यानं टेप खिशात घातला. फळ्या रिकाम्या होत चालल्या, तरी चाचा नवा माल मागवत नव्हते. जुनेदच्या पसंतीचा येणार असेल, तिनं ताडलं.

"चाचा, काय नवीन?"

"काय न्हाय गं. लग्नसराईत बघू."

लग्नसराईत आपल्या जागी कोण बसणार, तिनं मनात विचारलं.

नातीच्या लग्नासाठी चुडा भरायला येसूबाई आल्या. "गफूरभाऊ, तुमीच भरा."

चाचांनी बांगडी धरली. त्यांचा हात थरथरला आणि काच कडकन मोडली.

"असू दे मावशी, वाढली," तेजल सवयीनं म्हणाली, आणि स्वतःच्याच शब्दाला अडखळली. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. दुकानही बंद करत नाहीत. वाढवतात.

चाचांनी थरथरती बोटं फडक्याखाली लपवली होती.

तिनं येसूबाईंचा हात हाती घेतला. "नवरदेव करतो काय, मावशी?" येसूबाई सुरू झाल्या, ते चुडा भरून झाल्यावरच थांबल्या. "अगं बया, कवा भरलास?"

त्या गेल्यावर तेजल म्हणाली, "चाचा, दुकान कायमचं वाढवताय?"

चाचांनी फडक्याखालून हात बाहेर काढला. "हात ऐकंना. जुनेदला हितं मोबाईलचं दुकान टाकायचंय."

"मला का नाही सांगितलं?"

"तुजा बा म्हनला, पोरगी कंपनीत चिकटतीय. म्हनलं, हिनंच मला सांगितलं न्हाई, आपन कशाला सांगायचं?"

तिला हसू आलं, रागही आला. "मला हेच दुकान पायजे, चाचा. पयल्या दिवसापासनं."

"मग बोलायचं व्हतंस की, येडे!"

चाचांनी जुनेदला फोन लावला. "दुकान वाढवायचं न्हाई आता, पोरगीच बघनार." या खेपेला तेजल पडद्याआड गेली नाही. कमरेवर हात ठेवून समोरच उभी राहिली, शब्द न् शब्द ऐकत.